लेकीच्या 'वर्क प्लेसमेंट'च्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

माझी लेक हायस्कूलला आहे, तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय, म्हणजे निदान आत्ता तरी तसं म्हणते. सुट्टीत एक-दोन आठवडे कुठेतरी जाऊन काम बघायला मिळालं तर तिचं तिलाच कळेल म्हणून आम्ही शोधत होतो, तेवढ्यात एका एजन्सीचा मेसेज आला. शाळकरी मुलांसाठी करिअर प्लेसमेंट, मोठ्या प्राणी रुग्णालयात, सर्टिफिकेटसकट आणि 'शेवटच्या तीन जागा'.

माहितीपत्रकात लिहिलं होतं की मुलं ऑपरेशनमध्ये मदत करतील. तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती, कारण एक्स-रे, भुलीची औषधं, सुऱ्या-सुया असल्या जागी शाळकरी पोराला कोण हात लावू देईल? आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) 1973 च्या 138 नंबरच्या करारातसुद्धा धोक्याच्या कामाला साधारणपणे किमान वय 18 आहे. हे आता वाचून सांगतेय हं, तेव्हा मी नुसती फोटो बघून हुरळले होते.

तरी मी अगदीच येडी नाही, चौकशी केली होती. रुग्णालयाच्या लेटरहेडवर पत्र आलं, त्यावरच्या नंबरला फोन लावला, एक बाई गोड आवाजात म्हणाल्या हो हो, नाव आहे यादीत. पण तो नंबर एजन्सीचाच होता!! रुग्णालयाचा नंबर आपला आपण शोधून फोन केला असता तर दोन मिनिटांत सगळं बाहेर पडलं असतं. फी पण कंपनीच्या नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर भरायला लावली, वर 'आज भरा नाहीतर जागा जाईल'.

पहिल्या दिवशी लेक नवीन बूट घालून, वही घेऊन रिसेप्शनला उभी. तिथल्या ताईंनी पत्र बघितलं, काही न बोलता ड्रॉवर उघडला आणि तस्सं हुबेहूब पत्र काढून दाखवलं, नाव फक्त दुसऱ्या मुलाचं. लोगो नीट बघितला तर कडा फाटल्यासारख्या, कुठूनतरी कॉपी मारलेला. पोरगी गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

नंतर शाळेतल्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले आधी विचारायचं ना. नीट चालणाऱ्या प्लेसमेंटला शाळा, पालक आणि जिथे जायचं ती जागा अशा तिघांच्या सह्या असतात, विमा कुणाचा ते लिहिलेलं असतं, मुलावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचं नाव असतं. आमच्याकडे यातलं एकही नव्हतं, सर्टिफिकेटचा नमुना मात्र सोनेरी बॉर्डरचा.

बँकेत तक्रार केली, पोलिसांतही दिली, पैसे काही आले नाहीत. पण मला जास्त खुपतंय ते वेगळंच, फॉर्मसोबत तिचं ओळखपत्र, फोटो, सही सगळं स्कॅन करून मीच पाठवलंय आणि आता तिच्या नंबरवर आठवड्याला दोन-तीन अनोळखी फोन येतात, तिचं पूर्ण नाव घेऊन.