लॅमिंग्टन रोडचा वापरलेला टी४८०, लिनक्सवर: टर्बो आहे, पण टिकवावा लागतो

लिनक्ससाठी जुना लॅपटॉप शोधत मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात, की थिंकपॅड टी४८० हे नाव कानावर येतंच, आणि ते उगाच नाही. कीबोर्ड उत्तम, रॅमचे दोन स्लॉट, बॅटऱ्याही दोन. उबुंटू, डेबियन बिनतक्रार चालतात. रडगाणं एकच: टर्बो, म्हणजे गरज पडली की प्रोसेसरने नेहमीपेक्षा जास्त वेगाने धावणं.

त्यातल्या आय५-८३५०यू प्रोसेसरचा बेस (नेहमीचा) वेग १.७ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.६. हा आकडा एका कोअरचा. चारही कोअर राबत असताना तो मागू नये. पण तीनच्या आसपास चाललेला वेग मिनिटभरात दोनवर घसरला, पुन्हा चढला, पुन्हा घसरला, तर मात्र कुठेतरी गडबड आहे.

घेण्याआधी दुकानातच लाइव्ह यूएसबीवर, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवर, तपासा. एका टर्मिनलमध्ये प्रोसेसरला पूर्ण राबवणारं स्ट्रेस-एनजी आठ थ्रेडवर पाच मिनिटं, दुसऱ्यात त्याचे आकडे दाखवणारं टर्बोस्टॅट. त्यातले मेगाहर्ट्झ, तापमान आणि वॅट (प्रोसेसर खात असलेली वीज) एवढेच रकाने बघायचे.

वेग ४०० मेगाहर्ट्झला चिकटलाय आणि तापमान जेमतेम ४५ अंश? मग उष्णतेचा संबंध नाही. बहुतेक वेळा चार्जर कमी ताकदीचा असतो आणि बोर्ड प्रोसेसरला ‘थांब’ असा इशारा देत राहतो. ६५ वॅटचा चांगला टाइप-सी चार्जर लावा, बाहेरची बॅटरी काढून बघा. तरीही ४०० च असेल तर तो नग परत ठेवा. विकणारा ‘अपडेट मारा, होईल’ म्हणेल, होत नाही.

बरोबर ८० अंशांवर वॅट खाली येत असतील, तर तो या मॉडेलचा लिनक्सवरचा जुना आजार. त्यावर ‘थ्रॉटल्ड’ नावाची छोटी सेवा आहे. लॅपटॉप चार्जरवर असताना ती तापमानाची मर्यादा ९५ अंशांपर्यंत नेते. सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) चालू असेल तर कर्नल तिला प्रोसेसरच्या रजिस्टरला, म्हणजे आतल्या सेटिंगला, हात लावू देत नाही, म्हणून बायोसमध्ये ते आधी बंद करा. तापमान सांभाळणारी थर्मलडी ही दुसरी सेवाही बंद करा, नाहीतर एकाने वाढवलेली मर्यादा दुसरा उतरवतो.

८० अंशांवर १५ वॅटही टिकत नसतील तर दोष सॉफ्टवेअरचा नाही, प्रोसेसर आणि हीटसिंक (उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) यांमधली पेस्ट वाळली आहे किंवा पंख्यात धूळ बसली आहे. उघडण्यापूर्वी बायोसमधून आतली बॅटरी बंद करायची. हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमानेच. स्वतंत्र ग्राफिक्सवाल्या टी४८० चा दोन नळ्यांचा हीटसिंक साध्या मॉडेलवरही बसतो. मिळाला तर घ्याच.

राहिली सॉफ्टवेअरची भांडणं. टीएलपी, ऑटो-सीपीयूफ्रेक आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन या वीज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमांतलं एकच ठेवा. एका म्यानात तीन तलवारी कशाला? ऑटो-सीपीयूफ्रेकमध्ये टर्बो ‘ऑटो’वर असेल तर तो लोड बघून स्वतःच चालू-बंद होतो आणि लोक विनाकारण हार्डवेअरला दोष देतात. प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या इंटेल-पीस्टेट ड्रायव्हरच्या ‘नो-टर्बो’ फाईलमध्ये ० म्हणजे टर्बो मोकळा, १ म्हणजे बंद. गव्हर्नर (वेग निवडायचं धोरण) ‘पॉवरसेव्ह’ दिसला म्हणून घाबरू नका. या ड्रायव्हरमध्ये तोही टर्बोपर्यंत जातो.

मशीन घेण्यासारखं आहे, पण पाच मिनिटं स्ट्रेस चालवू देणाऱ्या दुकानातूनच. आणि तिथला एसी हिशेबात धरा: २४ अंशांच्या दुकानात कसेबसे टिकलेले १५ वॅट मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत टिकणार नाहीत.