जुनी पिकअप घरी सांभाळताना: दीड वर्षानंतरचा अनुभव

गाडी २०११ ची. डिझेल, इंजिनात डिझेल दाबून सोडणारा पंप मेकॅनिकल, पुढं-मागं पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ब्रेक पुढं डिस्क आणि मागं ड्रम. माझ्याकडं आली ती दुसऱ्या मालकाकडून. काम ठरलेलं आहे: अंबड तालुक्यातून मोसंबी जालन्याच्या मार्केटला, दिवाळीच्या आगेमागे कापूस, उन्हाळ्यात कडबा, आणि अधूनमधून शहागडचा पूल ओलांडून गेवराई-बीडकडचं भाडं. गेल्या दीड वर्षापासून हिचं बरंचसं काम घरच्या शेडमध्येच करतोय. त्यामुळं हा अनुभव गाडीचा कमी आणि घरी सांभाळण्याचा जास्त आहे.

मजुरी वाचेल म्हणून कुणी यात उतरत असेल तर हिशेब जमणार नाही. आपल्याकडं मेस्त्रीची मजुरी अजूनही फार नाही, आणि हत्यारांचा खर्च पहिल्या वर्षाची बचत खाऊन टाकतो. फायदा वेगळाच आहे. माणूस ठरावीक दिवसांनी गाडीखाली जातो. गळती, ढिला नट, फाटलेलं रबर घरीच दिसतं. हौद्यात मोसंबी भरलेली असताना गाडी रस्त्यात उभी राहिली तर दुरुस्तीचं बिल परवडतं, मालाचा उतरलेला भाव परवडत नाही.

हे जमतं ते गाडी जुनी आहे म्हणून. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं; त्या गाड्यांत सेन्सर आणि धुराचे फिल्टर इतके आहेत की स्कॅनर लावल्याशिवाय दोष सापडणं अवघड. आमच्या इंजिनाला स्वच्छ डिझेल, हवा आणि सेल (स्टार्टर) फिरवण्यापुरता करंट मिळाला की बहुतेक वेळा ते चालू होतं. सकाळी चालू झालं नाही तर या तिघांत काय कमी पडतंय ते आधी बघायचं.

हत्यारांत सगळ्यात जास्त वसूल झाली ती ग्रीस गन. हजार रुपयांच्या आसपास मिळते. दांड्याचीच घ्यावी, पायानं दाबायच्या बादलीवाल्या पंपाची एका गाडीला गरज नाही. दुसरा नंबर ट्रॉली जॅक आणि दोन लोखंडी स्टँडचा. स्टँडशिवाय गाडीखाली जायचं नाही, यात घासाघीस नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी बसेल ते सांगून बसत नाही. विटांवर किंवा दगडांवर गाडी टेकवणारे लोक मी रोज बघतो. वीट फुटताना आधी तडकत नाही, एकदमच भुगा होते. आमच्याकडच्या काळ्या मातीत तर जॅकच खाली जातो, म्हणून शेडमध्ये चाकांच्या पट्ट्यात कोबा करून घेतला आणि जॅकखाली बाभळीची जाड फळी ठेवतो. अर्धा इंची गोटी सेट (नटावर बसणारे सॉकेट पाने) चांगल्या पोलादाचा घ्यावा. स्वस्त सेटातली सतराची गोटी जाम नटावर फिरते आणि नटाचे कोपरे घेऊन जाते. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना, मात्र अजूनही मला थोडी चैनीची वाटते. चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमानं सारखे आवळायला ती चांगली आहे, पण ती नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. मल्टिमीटर स्वस्तातला चालतो. बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजता आलं पाहिजे, एवढंच: गाडी बंद असताना साडेबाराच्या वर, चालू असताना चौदाच्या आसपास. यात गडबड दिसली की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, त्याचा बेल्ट, नाहीतर टर्मिनलवरची पांढरी पूड.

आता ग्रीसबद्दल, कारण खरी गंमत तिथं आहे. माझ्या गाडीला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे वळणारे सांधे, शाफ्टचा सरकणारा जोड, पाटे टांगणाऱ्या शॅकल पिना आणि पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन, एवढ्या ठिकाणी ग्रीस भरायची निप्पल आहेत. पावसाळ्यात शेतातनं गाडी आली की काळी माती या निप्पलवर थापली जाते आणि दोन दिवसांच्या उन्हात दगड होते. तिच्यावरच गन लावली तर ग्रीसबरोबर माती आत जाते. आधी फडक्यानं पुसायचं, मग गन लावायची, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारत राहायचं. क्रॉसला चार टोपण असतात. तिघांतून ग्रीस बाहेर आलं आणि चौथं कोरडंच राहिलं तर त्याच्याच आतलं सुई-बेअरिंग आधी खाल्लं जातं. अशा वेळी हँडब्रेक न सोडता, चाकांना ओट लावूनच, शाफ्ट हातानं हलवून पुन्हा गन मारायची. बऱ्याचदा वाट मोकळी होते. किंगपिनला ग्रीस भरताना पुढचा अ‍ॅक्सल उचललेला हवा. वजन अंगावर असताना खालच्या बेअरिंगपर्यंत ग्रीस पोचत नाही, नुसतं वरूनच बाहेर येतं. ही गोष्ट गॅरेजमध्ये कुणी करत नाही, कारण तिथं वेळ नसतो. सर्व्हिसिंगच्या यादीत "ग्रीसिंग" लिहिलेलं असतं आणि ते उभ्या गाडीला दोन मिनिटांत उरकलेलं असतं.

पहिल्या गिअरला गाडी उचलताना खालून कट्ट असा आवाज यायला लागला तेव्हा जालन्यातल्या आमच्या मेस्त्री मामूंना विचारलं, "मामू, क्रॉस बदलून टाकू का?" ते म्हणाले, "पैले ग्रीस मारके देखो. नै गया तो शाफ्ट नीचे उतारेंगे." ग्रीसनं आवाज कमी झाला, गेला नाही. शेवटी शाफ्ट उतरवला. उतरवण्याआधी जोडाच्या दोन्ही चकत्यांवर (फ्लँजवर) पांढऱ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे बसवताना शाफ्ट होता तसाच बसतो आणि साठच्या पुढं थरथर येत नाही. जुना क्रॉस मामूंच्या दुकानात वाइसमध्ये दाबून काढला. घरी हातोड्यानं निघतो म्हणतात. निघतोही, पण क्रॉस ज्यात बसतो त्या योकचा कान वाकला तर नवा क्रॉस महिनाभरही टिकणार नाही.

डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते न केल्याचा खर्च इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं मोजावा लागतो. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांनी तर पावसाळ्यात हे वारंवार करावं. अर्ध्या रिकाम्या ड्रममध्ये रात्रीच्या गारव्यानं पाणी धरतं. फिल्टरखालचा स्क्रू सैल करायचा, काचेच्या बाटलीत धरायचं. पाणी तळाला बसलेलं सरळ दिसतं. मग स्क्रू आवळून हातपंपानं एअर काढायची, बुडबुडे थांबेपर्यंत. घाई केली की सकाळी सेल मारून मारून बॅटरी उतरते.

कूलिंगबद्दल माझं मत जरा कडक आहे. मराठवाड्यात बहुतेक रेडिएटर बोअरच्या पाण्यानं मरतात. आमचं पाणी इतकं जड आहे की पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसतो. वरून पाणी पूर्ण भरलेलं दिसतं आणि मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटात भरल्या गाडीचा तापमानाचा काटा वर जातो. मी रेडिएटर उतरवून साफ करून घेतला आणि त्यानंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घालतो. हे मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं, वर रेडिएटरच्या झाकणाचा दाब धरला की आणखी वर, आणि गंजही धरत नाही. म्हणून झाकणाचं रबर तपासायला विसरू नये. दाब न धरणारं झाकण कूलंटचा निम्मा फायदा घालवतं. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, हे लहान पोरांनाही माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कुणाचा तरी हात भाजतोच.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाकायची आपल्याकडं रीतच पडली आहे. "काढा तो, गाडी थंड राहते." थंड राहते खरी, गरजेपेक्षा जास्त थंड राहते. थंड इंजिन डिझेल जास्त पितं, ऑइलमध्ये पाणी आणि काजळी धरतं, आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की गरम पाणी रेडिएटरमध्ये जायच्याऐवजी बायपासनंच फिरत राहतं. माझ्या गाडीतही तो नव्हता, आधीच्या कुणीतरी काढलेला. नवा आणला, जुन्या पातेल्यात पाणी तापवून दोऱ्याला टांगून बघितला. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला, तेव्हाच बसवला. आता काटा मध्यावर स्थिर राहतो आणि सकाळचा पांढरा धूर लवकर थांबतो. रेडिएटरच्या जाळीत कापसाची बोंडं, कडब्याचा भुसा अडकतो तोही काढायला हवा. पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारायचं आणि जोर कमी ठेवायचा, नाहीतर पत्र्या वाकतात.

मागच्या ड्रममध्ये तेल उतरणं हा जुन्या पिकअपचा नेहमीचा आजार. सगळे सील बदलतात. सील बदलूनही पुन्हा गळतं, मग सीलला शिव्या. डिफरन्शियलच्या (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याच्या) वर हवा सोडणारी एक छोटी ब्रीदर टोपी असते, तिच्याकडं कुणी बघत नाही. ती मातीनं बुजली की आत गरम झालेली हवा बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि तेल जिथं वाट सापडेल तिथून, म्हणजे सीलमधून, बाहेर येतं. ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुतला, फुंकर मारली, फिरतोय का बघितलं, मग नवं सील बसवलं. त्यानंतर ड्रम कोरडा आहे. तेल लागलेले ब्रेक लायनर मात्र धुऊन परत बसवू नयेत. कितीही सँडपेपर मारला तरी ते तेल गरम झाल्यावर बाहेर येतं, आणि ब्रेक एका बाजूला ओढतो.

ब्रेकबाबत आणखी एक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो, म्हणून दोन वर्षांनी बदलावं. एअर काढताना पॅडल दाबायला घरातला दुसरा माणूस लागतो. आमच्याकडं हे काम पोराकडं आहे आणि "दाब, धर, सोड" हे तिन्ही शब्द तो आता झोपेतही म्हणतो.

पाटा वाढवायचा विचार असेल तर तोही इथंच. आपल्याकडं जुनी पिकअप घेतली की पहिलं काम मागं एक-दोन पाटे वाढवण्याचं. ज्या गाड्यांना मागच्या अ‍ॅक्सलवर भार मोजून ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह आहे, त्यांना हे भोवतं. पाटे कडक झाले की माल भरूनही गाडी कमी दबते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकला दाब कमी सोडतो. म्हणजे माल वाढला आणि ब्रेक कमी झाला. माझ्या गाडीचे वाढवलेले पाटे मी काढले. त्यावर गावात चेष्टा झाली. होऊ दे.

इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० घालतो, गाडी थोडी फिरवून कोमट असताना काढतो, आणि ड्रेन नटाचं तांब्याचं वायसर दर वेळी नवं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल एकच समजू नये. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, पण जुन्या गिअरबॉक्सला बहुतेक जीएल-४ च सांगितलेलं असतं, कारण जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रोनायझर (गिअर सहज पडू देणाऱ्या रिंगा) खातात. निघालेलं जुनं ऑइल लोक लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, कुंपणाला ओततात. ते विहिरीच्या पाण्यात झिरपतं. मी कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याला देतो.

जे घरी करत नाही तेही सांगतो. डिझेलचा पंप आणि नोझल अजिबात नाही. नोझलमधून निघणारा डिझेलचा फवारा कातडीतून आत शिरतो, आणि दिसायला जखम सुईच्या टोकाएवढी असली तरी ती दवाखान्याचीच केस असते. क्लच प्लेट नाही, कारण गिअरबॉक्स छातीवर घेऊन झोपायचं वय राहिलं नाही. चॅसीवर वेल्डिंग नाही. स्टिअरिंग बॉक्स नाही. यातलं काहीही निघालं की गाडी मामूंकडं जाते, पण जाताना काय झालंय ते मला नेमकं सांगता येतं, त्यामुळं अंदाजानं दोन सामान जास्तीचं बदललं जात नाही.

तोटेही आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत गाडीखाली जायला वेळ मिळत नाही, आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये काम करणं म्हणजे शिक्षाच. सकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ खरा. ग्रीस गन आपल्याकडं आहे हे गावाला कळलं की ती आपल्याकडं कमी आणि गावाकडं जास्त राहते. परत येते तेव्हा रिकामी असते. डुप्लिकेट सामान हा दुसरा ताप. डबी मूळ कंपनीसारखी, बेअरिंग वेगळंच. मी आता जुनं बेअरिंग बरोबर नेतो आणि त्याच्यावर कोरलेला नंबर, वजन, फिरण्याचा आवाज ताडूनच पैसे देतो.

फिटनेससाठी मात्र या सगळ्याचा उपयोग झाला. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. आधी आदल्या दिवशी धावपळ व्हायची: हॉर्न, मागचे दिवे, चमकणारी पट्टी, पीयूसी. आता गाडी नेहमीच्याच हालतीत नेतो. यंदा डाव्या मागच्या शॉकअपवर तेलाचा ओलावा दिसतोय आणि पुढच्या पाट्यांचे रबर बुश कडक झालेत. मोसंबीची तोड सुरू व्हायच्या आत दोन्ही करायचेत. बुश दाबून बसवायला प्रेस लागेल, म्हणजे ते मामूंकडं. शॉकअप घरीच.