ट्रिगर, लायनफिश आणि ईलसाठी सहा फुटी खाऱ्या पाण्याचा सेट: गोव्यात कितपत चालतो?

निकाल आधी सांगतो, तपशील नंतर. मडगावच्या एका काचकामवाल्याकडून ऑर्डर देऊन बनवलेल्या या सेटमधली टाकी आणि स्टँड डोळे झाकून घ्यावेत. संप, म्हणजे टाकीखाली बसणारी, पाणी साफ करायची दुसरी टाकी, घ्यावा, पण एक दुरुस्ती करून. स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र), लाइट आणि झाकण मात्र सेटमधून काढून टाकायला सांगावं आणि तेवढे पैसे मोठ्या स्किमरकडे आणि चिलरकडे, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राकडे, वळवावेत. सेट प्रवाळाच्या टाकीचा विचार करून जोडलेला आहे. शिकारी माशांना भगभगीत प्रकाशाची काही गरज नसते. ते खातात भरपूर, घाण करतात भरपूर, दगड उचलतात, वायर कुरतडतात आणि फट सापडली की टाकीबाहेर पडतात. सामान या सवयी बघून निवडायचं असतं.

टाकी ६ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. काच १२ मिमी, वरून चारही बाजूंनी काचेच्या पट्ट्या. अडीच फुटांच्या रुंदीसाठी कारागिराला पूर्ण गुण. लायनफिश फूटभराच्या पुढे वाढतो आणि त्याला वळायला जागा लागते. लांबी तीच ठेवून रुंदी दीड फुटावर आणली की ती टाकी शिकारी माशांच्या कामाची राहत नाही, मग लिटरचा आकडा काहीही असो. सांधे एकसारखे भरलेले आहेत, बुडबुडे नाहीत. ऑर्डर देताना सिलिकॉनची नळी बघून घ्या. बाथरूमसाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमधलं रसायन माशांना विषारी ठरतं. साधं, कोणतंही औषध नसलेलं सिलिकॉन हवं. ते आठवडाभर वाळू द्यावं, नंतर टाकी काठोकाठ भरून किमान दोन दिवस उभी ठेवावी. ही चाचणी कारखान्यातच करून घ्या, तुमच्या दिवाणखान्यात नको.

वजनाचा हिशेब विक्रेते सहसा काढून देत नाहीत. टाकी आणि संप मिळून सुमारे ९०० लिटर पाणी, त्यात काच, दगड, वाळू, स्टँड धरला की सव्वा टनाच्या आसपास जातं. टाकीखालची जागा जेमतेम १.४ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरवर जवळजवळ ९०० किलो. घराच्या स्लॅबचं डिझाइन साधारण २०० किलोच्या हिशेबाने केलेलं असतं. तळमजला असेल तर प्रश्न मिटला. वरच्या मजल्यावर टाकी भिंतीला लागून, बीमला आडवी येईल अशी ठेवायची आणि तीसुद्धा स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा बघितल्यावरच. ताळगाव किंवा पर्वरीच्या फ्लॅटमध्ये मधल्या मोकळ्या जागेत ही टाकी मांडू नका.

स्टँड ५० मिमी चौकोनी लोखंडी पाइपचा, वर इपॉक्सी रंग. खारी हवा आणि संपातून उडणारे तुषार यांपुढे साधा ऑइलपेंट टिकत नाही, म्हणून ही निवड योग्य आहे. वेल्डिंगच्या जागा मात्र हाताने पुन्हा रंगवून घ्याव्यात, गंज तिथूनच सुरू होतो. वरची फळी १९ मिमी मरीन प्लाय हवी, शिक्का आयएस ७१० चा.

आता संप. हा भाग नीट वाचा, कारण घरात पाणी होतं ते इथून. संप ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. चालू असताना त्यात ३० सेंमी पाणी राहतं, म्हणजे वर मोकळी जागा सुमारे ९० लिटरची. सेटमध्ये परतीच्या, म्हणजे संपातून पाणी वर टाकीत चढवणाऱ्या, पाइपचं नोजल टाकीतल्या पाण्याच्या ८ सेंमी खाली बसवलेलं होतं. वीज गेली, पंप थांबला की त्याच पाइपातून पाणी उलटं खाली येऊ लागतं आणि नोजल उघडं पडेपर्यंत थांबत नाही. या टाकीत ८ सेंमी म्हणजे ११० लिटर. वीसेक लिटर थेट फरशीवर. दुरुस्ती सोपी आहे: नोजल पाण्याखाली फक्त २ सेंमी ठेवायचं, मग खाली येतं ते २८ लिटर आणि पाइपात उरलेलं थोडंफार. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. त्यात शेवाळ किंवा शिंपल्याचा एक कण अडकला तरी तो पुरता मिटत नाही.

पाणी खाली नेणारे पाइप दोन हवेत, दोन्ही ४० मिमी. एक पूर्ण भरून वाहणारा, गेट व्हॉल्व्हने नेमका जुळवलेला, आणि दुसरा कोरडा, फक्त आणीबाणीसाठी. सेटमध्ये एकच होता. शिकारी टाकीत कोळंबीची साल, माशाचा तुकडा, कधी अख्खा ईल ओव्हरफ्लोमध्ये, म्हणजे वरचं पाणी या पाइपांत सोडणाऱ्या कप्प्यात, शिरतो. एकच पाइप असला की तो तुंबतो आणि वरची टाकी ओसंडते. ओव्हरफ्लोच्या दात्यांवर प्लास्टिकची जाळी बसवून घ्या.

परतीच्या पंपाची क्षमता वाचताना खोक्यावरचा आकडा बघू नका, दीड मीटर उंचीवर तो किती पाणी देतो ते बघा. तासाला ४००० लिटर वर पोहोचलं की पुरे. सेटमधला स्किमर १००० लिटरच्या टाकीसाठी असं लिहिलेला होता. मोजकेच मासे असलेल्या टाकीला तो पुरेल. ट्रिगर आणि ईलच्या टाकीला दुप्पट क्षमतेचा घ्यावा, २००० लिटर लिहिलेला. मासळी खाऊ घातल्यानंतर पाण्यावर तेलाचा तवंग येतो आणि छोटा स्किमर काही तास फेसच धरत नाही.

गोव्यात या छंदाचा खरा कस लागतो उष्णतेवर. मे महिन्यात बंद खोलीतलं पाणी ३१ अंशांवर सहज जातं. २५ अंशांच्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू लिटरला सुमारे ६.७ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात. पंखा लावून बाष्पीभवनाने पाणी गार करण्याचा उपाय जानेवारीत कामाला येतो, पण जून-जुलैच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून अर्धा हॉर्सपॉवरचा चिलर घ्यावा, आतली कॉइल टायटॅनियमची. तो २६ अंशांवर लावा आणि स्टँडच्या कपाटात कोंडू नका. स्वतःचीच गरम हवा ओढत बसला तर तो दिवसभर चालतो आणि पाणी गार होत नाही. चिलर ४५० वॅटचा, दिवसाला दहा-बारा तास, आणि बाकीचे पंप मिळून १५० वॅट अखंड, असा हिशेब केला तर महिन्याला २५० युनिटांच्या आसपास वीज लागते. हा खर्च झेपणार असेल तरच पुढे जा.

पावसाळ्यात वीज जाणारच. इन्व्हर्टरवर परतीचा पंप न लावता पृष्ठभाग हलवणारा ३० वॅटचा लाटेचा पंप लावा. १५० एएचच्या बॅटरीवर तो दिवसभर चालतो, आणि प्राणवायू पृष्ठभागातूनच मिळतो. सगळ्या बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, प्लगमध्ये जात नाही.

सेटसोबत आलेलं ॲक्रिलिकचं झाकण दमटपणाने मधोमध वाकतं आणि कडेला फट पडते. स्नोफ्लेक ईलला दोन बोटांची फट पुरते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत ६ मिमी जाळी बसवून घ्या आणि कोपऱ्यांना क्लिपा लावा. हवा खेळती राहते हा वेगळा फायदा. दगड वाळूवर रचू नका. आधी दगड थेट तळावर, प्लास्टिकच्या जाळीवर, मग भोवती वाळू. ट्रिगर वाळू उपसतो आणि खालचा आधार गेला की दगड काचेवर येतो. दगड कोरडे किंवा सिरॅमिकचे घ्या. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे कुणी ‘जिवंत दगड’ म्हणून ते आणून देत असेल तर सरळ नाही म्हणा.

पाणी समुद्रातून भरून आणायचा मोह होतो. जून ते सप्टेंबर मांडवी आणि जुवारीचं गोडं, गढूळ पाणी किनाऱ्याला येतं आणि मिरामारच्या पाण्याची क्षारता भरवशाची राहत नाही. नळाचं पाणी आरओ-डीआय या क्षार काढणाऱ्या गाळणीतून काढून त्यात मीठ मिसळणं उत्तम. रेड सी कंपनीच्या निळ्या बादलीतलं २२ किलो मीठ ६६० लिटरला पुरतं, म्हणजे सुरुवातीला दोन बादल्या. प्रवाळासाठीचं महाग मीठ इथे वाया जातं. बादलीचं झाकण घट्ट लावा, पावसाळी हवेत मिठाचा दगड होतो. क्षारता ३४ ते ३५ पीपीटी (हजार भागांत इतके भाग) ठेवा, आणि ती मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने न जुळवता ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा. मग मासे सोडण्याआधी घाण पचवणारे जिवाणू वाढवायला अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (लिटरला २ मिलिग्रॅम) न्या. एका दिवसात तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की जिवाणू तयार झाले. याला साधारण चार ते सहा आठवडे जातात.

मासे सोडण्याचा क्रम चुकला तर महागडी टाकी आखाडा बनते. आधी ईल आणि लायनफिश, ते खाऊ लागले की मग ट्रिगर, तोही लहान आणि सगळ्यांत शेवटी. पिकासो किंवा रेडटूथ ट्रिगर या आकाराला ठीक. क्लाउन ट्रिगर देखणा असतो, पण वाढल्यावर लायनफिशचे पंख कुरतडतो. त्याला एकट्यालाच ठेवायचं असेल तरच घ्या. गोबऱ्याची (ग्रुपर माशाची) पिल्लं स्वस्तात मिळतात आणि वाढताना टाकीतल्या प्रत्येक लहान माशाला गिळतात. कोणताही मासा आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. तांब्याचं औषध द्यायचं तर तिथेच, मुख्य टाकीत कधीच नाही. दगड तांबं शोषतात आणि पुढे सोडत राहतात.

खाण्याच्या बाबतीत गोवेकर नशीबवान आहे. सालासकट सुंगटं (कोळंबी), माणकीचे (स्क्विडचे) काप, तिसऱ्या, बांगड्याचा तुकडा, सगळं बाजारात मिळतं. ट्रिगरचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायला शिंपल्यासकट तिसरी लागते. तारली रोज देऊ नका. त्या कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि लायनफिश हळूहळू खाणं सोडतो. गोड्या पाण्यातले जिवंत मासेही नकोत. मोठ्या माशाला आठवड्यातून तीनदा पुरे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून मे अखेरीस दोन महिन्यांचा खाऊ लहान पाकिटांत गोठवून ठेवा. खाऊ लांब चिमट्यानेच द्यायचा. ईलला दिसतं कमी आणि तो वासावर चावतो.

लायनफिशचा काटा लागला तर बर्फ लावू नका. हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाण्याचं तापमान दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. श्वास लागला किंवा सूज वर चढली तर १०८ ला फोन करून थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात.

बसवणाऱ्यांचं काम नेटकं होतं. लेव्हल बरोबर, पाइपांचे सांधे कोरडे. पण दुरुस्तीची हमी फक्त काचेच्या गळतीपुरती आहे. ऑर्डरच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: नोजल २ सेंमी खोलीवर, दुसरा आणीबाणीचा पाइप, आणि वीज बंद करून तुमच्यासमोर संपाची चाचणी. चाचणी पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.