पत्रा ठरला ०.५०, बसला ०.३५

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराची मंगळुरी कौलं उतरवून गेल्या उन्हाळ्यात रंगीत पत्रे टाकले. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, पण हातचलाखी कशी केली ते वाचा. मे महिन्यात नाशकात निम्म्या घरांवर हीच कामं चाललेली असतात.

ठरलं होतं ०.५० मिमी. नमुन्याचा तुकडा तेवढाच जाड. टेम्पोतून गठ्ठा उतरला त्यात वरचे चार-दोन पत्रे कंपनीच्या छापाचे, खालचे सगळे कोरे. ठेकेदार म्हणाला, "काका, छाप प्रत्येकावर नसतो." खरं तर चांगल्या कंपनीच्या पत्र्याला मागच्या बाजूने ठरावीक अंतरावर छाप असतो.

पावसाळ्यात गळती लागली तेव्हा सातपूरचा ओळखीचा फॅब्रिकेटर वर चढला. पाय ठेवताच पत्रा खोलगट झाला. त्याने खिशातला जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला: ०.३५! साडेतीन फूट रुंद, दहा फूट लांबीचा ०.५० चा पत्रा साधारण चौदा किलोचा असतो. आमचा दहाच्याही आत. भंगारवाल्याचा तराजूसुद्धा ही चोरी पकडेल.

स्क्रूंचं तर विचारू नका. ऊन-पावसात टिकणाऱ्या ईपीडीएम रबराच्या वॉशरऐवजी साधं रबर, तेही इतकं आवळलेलं की बाजूने फाटून बाहेर आलेलं. पत्रे छतावरच ग्राइंडरने कापले होते. ठिणग्या पडल्या तिथे रंग जळून तांबूस ठिपके उठलेत, कापलेल्या कडांना गंज धरलाय. पन्हळीजवळच्या दोन वाशांची टोकं वाळवीने पोखरलेली, ती न बदलता वरून ऑइलपेंट फासलेला. पैसे मात्र एकावर एक चढवलेल्या भागासकट, सगळ्या पत्र्यांच्या चौरस फुटांवर घेतले. म्हणून दर झाकलेल्या जागेवर आहे की आणलेल्या पत्र्यावर, हे आधीच लिहून घ्या.

बिल मागितलं तेव्हा "१८ टक्के जीएसटी कशाला भरता?" असं गोड बोलून पठ्ठ्याने चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. आता फोन उचलत नाही. पण "०.५० च टाकतो, बिनधास्त राहा" हा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि यूपीआयच्या नोंदी आहेत. त्या घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते.