नूबियाचे तक्ते: भिंतीवर लावावेतच, पण एक तक्ता कमी पडला

निपाणीच्या एका शालेय साहित्याच्या दुकानातून आमच्या शाळेसाठी हा संच घेतला. मोठे रंगीत तक्ते, मजकूर मराठीत, किंमत साडेनऊशे. कागद जाड आहे, पण वरच्या पट्ट्या लगेच निघाल्या. सुतळी ओवून टांगावे लागले.

आपली पुस्तकं नाईल नदीवर इजिप्तपाशीच थांबतात. हे तक्ते इजिप्तमधल्या अस्वानच्याही दक्षिणेला, आजच्या सुदानपर्यंत पसरलेल्या नूबिया प्रदेशात नेतात. केर्मा इथली कच्च्या विटांची प्रचंड वास्तू आजही सुमारे १८ मीटर उंच उभी आहे. इ.स.पू. आठव्या शतकात नूबियातल्या कुश राज्याचा राजा पीये यानं इजिप्तच जिंकून घेतलं. कुशची राजधानी मेरोए, तिथल्या पिरॅमिडांची टोकं तुटकी का, हे मुलांनी विचारायच्या आतच चित्राखाली लिहिलंय: १८३४ मध्ये सोन्याच्या शोधात फेर्लिनी नावाच्या इटालियन माणसानं ती फोडली.

सगळ्यात सरस तक्ता कुशची राणी अमानीरेनास हिचा. रोमन सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्याचं कांस्याचं डोकं कुशच्या सैन्यानं लुटून आणलं आणि मेरोएत देवळाच्या पायरीखाली पुरलं, म्हणजे येणारा-जाणारा त्यावर पाय देऊनच आत जाणार! १९१० मध्ये ते उकरून निघालं. वर्गातल्या मुली त्या तक्त्यापुढून हलत नव्हत्या.

अस्वान धरणाच्या तक्त्यावर मात्र मी नाराज आहे. धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून अबू सिंबेलचं देऊळ १९६४ ते ६८ मध्ये कापून सुमारे ६५ मीटर वर नेलं, ते टप्प्याटप्प्यानं छान दाखवलंय. आपल्या पुरातत्त्व खात्याचं बी. बी. लाल यांचं पथक तिथं अफ्येह गावी उत्खननाला गेलं होतं, हेही आहे. पण जवळपास एक लाख नूबियन माणसं घरं, खजुराची झाडं, पूर्वजांच्या कबरी सोडून इजिप्तमधल्या कोम ओंबो आणि सुदानमधल्या न्यू हल्फाकडे गेली, त्यांना एकच ओळ! आमच्या हुक्केरी तालुक्यात हे चालणार नाही. इथं कितीतरी मुलांच्या आज्यांची गावं हिडकल धरणात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, तेव्हा लोक दर्शनाला जातात. देऊळ निदान दिसतं, घरं दिसत नाहीत.

संच घ्याच, पैसे वसूल आहेत. पुढच्या छपाईत विस्थापितांचा स्वतंत्र तक्ता घाला, असं मी दुकानदाराकरवी छापणाऱ्यांना कळवलंय. तोवर तो तक्ता आमची सातवीची मुलं हातानं काढताहेत. एका बाजूला न्यू हल्फा, दुसऱ्या बाजूला हिडकल.