रोम, फ्लॉरेन्स की बोलोन्या : जेलाटोसाठी कुठे थांबावं?

इटलीची आठ-दहा दिवसांची सहल आखताना रोम आणि फ्लॉरेन्स आधीच ठरलेली असतात. बोलोन्या बहुतेकांना नुसतं रेल्वेच्या खिडकीतून दिसतं. जेलाटो, म्हणजे इटालियन पद्धतीचं आइस्क्रीम, तुमच्यासाठी दोन म्युझियमांमधला विसावा असेल, तर त्यात काही बिघडलं नाही. पण त्यासाठी मुद्दाम वेळ काढायची तयारी असेल, तर माझं मत आधीच सांगते. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाताना बोलोन्याला उतरा आणि निदान चार तास द्या. रोममध्ये दुकान ठरवूनच जा. फ्लॉरेन्समध्ये फार शोधाशोध करू नका; गाव लहान आहे, चांगलं दुकान पायी अंतरावर सापडतंच.

शहर कुठलंही असो, आत शिरण्याआधी काउंटरकडे नीट बघा. 'आर्तिजानाले' (म्हणजे कारागिरीने बनवलेला) ही पाटी जवळजवळ प्रत्येक दुकानावर झळकते, त्यामुळे तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. रंग बघा. पिस्ता पोपटी दिसला तर पुढे चला. खऱ्या पिस्त्याचा जेलाटो मळकट, शेवाळी-तपकिरी असतो. केळ्याचा करडा-पांढरा, पुदिन्याचाही बहुधा पांढराच. काचेआड डोंगरासारखे रचलेले, वर फळं खोचलेले ढीग उन्हाळ्यातही कोसळत नाहीत, कारण त्यांत हवा आणि वनस्पती तूप भरपूर असतं.

चांगल्या दुकानात जेलाटो ट्रेमध्ये सपाट पसरलेला असतो, किंवा मुळी दिसतच नाही. काउंटरमध्ये खोल गोल डबे बसवलेले असतात आणि त्यांवर धातूची झाकणं. या डब्यांना पोझेत्ती म्हणतात. झाकण उचललं की काउंटरवरचा माणूस चपट्या उलथन्याने जेलाटो डब्याच्या कडेवर तीन-चार वेळा रगडतो, तो मऊ होऊन चकाकायला लागला की मगच उचलतो आणि कपात थापतो. गोल स्कूप इथे निघत नाही. आपल्याकडे आइस्क्रीम म्हणून विकायचं तर दुधाची स्निग्धता किमान 10 टक्के लागते. जेलाटोत साय कमी आणि दूध जास्त, म्हणून ती साधारण 4 ते 9 टक्क्यांत राहते. हवाही कमी घोटतात आणि तो उणे 12 अंशांच्या आसपास वाढतात. त्यामुळे जीभ बधिर होत नाही आणि पिस्ता, हेझलनट, लिंबू जे काही असेल ते पहिल्याच घासाला कळतं.

आता रोम. इथे अप्रतिम जेलाटो मिळतो आणि तितक्याच सहजपणे भिकारही मिळतो. त्रेव्ही कारंजं, व्हॅटिकन, नवोना चौक यांच्या अगदी तोंडाशी असलेल्या दुकानांना रोज नवी गिऱ्हाइकं मिळतात, जुनी परत यायची गरजच नसते. म्हणून पत्ता हातात ठेवा. पँथिऑनजवळचं जिओलित्ती शंभरहून जास्त वर्षं चालू आहे. आत झुंबरं, जुनी लाकडी कपाटं, आणि काउंटरला माणसांचा वेढा. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची, मग ती दाखवून स्वाद सांगायचे; हे माहीत नसलं की गर्दीत गोंधळ उडतो. वातावरणासाठी जिओलित्तीला जरूर जा, पण रोममधला माझा पहिला कौल त्याला नाही.

तो कौल आहे व्हिया देई कोरोनारी या रस्त्यावरच्या जेलातेरिया देल तेआत्रोला. खिडकीतून आतली कार्यशाळा दिसते, फळं सोलताना, मिश्रण घोटताना माणसं दिसतात. रासबेरी आणि सेज या सुगंधी पानांचा स्वाद तिथे मागा. आधी रासबेरीचा आंबटपणा येतो आणि घास गिळल्यावर मागून त्या पानांचा कडसर सुगंध. मोंती भागातलं फातामोर्गाना वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं आहे: तिथे सगळंच, अगदी कोनसुद्धा, ग्लूटेनमुक्त असतं. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेलं कुणी बरोबर असेल तर प्रत्येक वेळी विचारत बसावं लागत नाही. त्रेव्हीच्या गर्दीत अडकलात तर जवळच्याच सान क्रिस्पिनोत शिरा. तिथे जेलाटो झाकणाखाली ठेवतात आणि कोन देतच नाहीत, फक्त कप. कोनच्या गोडव्याने मूळ चव बिघडते असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर फासीचं पलात्झो देल फ्रेद्दो सोयीचं. 1880 सालचं हे घराणं, आणि एस्क्विलिनो भागातलं त्यांचं दालन इतकं ऐसपैस आहे की सगळ्यांना निवांत बसता येतं. जुन्या रोमच्या अरुंद गल्ल्यांत हे सुख दुर्मीळ. रोममध्ये वर फेटलेली साय घालून घ्यायची पद्धत आहे, 'कोन पान्ना?' असं विचारतील, तेव्हा हो म्हणा. उन्हाळ्यात तिबेर नदीच्या काठी टपऱ्यांवर ग्रात्ताकेक्का मिळतं, म्हणजे बर्फ किसून त्यावर सरबत आणि फळं. गिरगाव चौपाटीचा गोळा खाऊन वाढलेल्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. आणि एक लक्षात असू द्या: स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसायला 2019 पासून मनाई आहे, दंड होतो. तिथे बसून कप संपवायचा बेत आखू नका.

फ्लॉरेन्समध्ये इतिहासाचा अभिमान फार. इथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बेर्नार्दो बुओन्तालेंती या वास्तुकाराने सोळाव्या शतकात गोठवलेल्या मलईचा पदार्थ दरबारात वाढला, असं इथले लोक सांगतात. त्याच्या नावाचा स्वाद गावभर मिळतो: दूध, साय, साखर, अंडं, बाकी काही नाही. त्यासाठी ख्यातनाम असलेलं बादियानी मध्यवर्ती भागापासून दूर, स्टेडियमच्या बाजूला आहे. एका दिवसाच्या मुक्कामात तिथवर जाणं जमणार नाही आणि त्याची हळहळही करू नका. सांता क्रोचेजवळचं व्हिव्होली जुनं, नावाजलेलं, तिथेही परंपरेने कपच. दुओमो, म्हणजे मुख्य कॅथेड्रल, आणि सिन्योरिया चौक यांच्या मधलं पेर्के नो 1939 पासूनचं, अगदी वाटेवर. आर्नो नदीच्या पलीकडे, पुलाच्या टोकाला ला कर्राइया, खिशाला परवडणारं. कप घेऊन पुलाच्या कठड्याशी उभं राहायचं. तिन्हींतलं कुठलंही चालेल. मला जास्त आवडतं ते पासेरा चौकातलं छोटंसं दुकान, पण ते पिट्टी राजवाड्याच्या बाजूला जाणार असाल तरच.

बोलोन्याचा मुद्दा वेगळा आहे, आणि तोच मला मनापासून सांगायचाय. आज जगभर जेलाटो ज्या यंत्रांवर बनतो, त्यांचा उगम या शहरात आहे. ओतेल्लो कात्ताब्रिगा या बोलोन्याच्याच माणसाने 1927 मध्ये जेलाटो घोटण्याचं स्वयंचलित यंत्र आणलं, 1946 मध्ये अशी यंत्रं बनवणारी कार्पिजानी कंपनी सुरू झाली. जवळच्या आंझोला देल्लेमिलिया गावी कार्पिजानीचं जेलाटो शिकवणारं विद्यापीठ आहे आणि 2012 पासून म्युझियमही. शिवाय हे विद्यार्थ्यांचं आणि खवय्यांचं शहर. दुकानासमोरच्या रांगेत निम्मे लोक तिथलेच असतात. परवा जेलाटो वाईट निघाला तर आज ते दुसऱ्या दुकानात जातात. दर्जा टिकतो तो या धाकाने.

स्टेशनहून पायी गाठता येईल असं गाल्लिएरा 49 आधी घ्या. मग व्हिया सान्तो स्तेफानोवरचं क्रेमेरिया सान्तो स्तेफानो, आणि वेळ उरला तर व्हिया कास्तिल्योनेवरचं ला सोर्बेत्तेरिया, जिथे 'दोल्चे एम्मा' नावाचा रिकोटा आणि अंजिरांचा स्वाद मिळतो. ऊन असो की पाऊस, कप हातात घेऊन रस्त्याकडेच्या छतवाल्या कमानींखालून चालत राहता येतं. एकूण 62 किलोमीटरच्या या छतांच्या वाटांपैकी निवडक भाग 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. रोममध्ये जुलैच्या दुपारी कोन हातावर ओघळतो तसं इथे होत नाही.

शाकाहारी आणि अंडं न खाणाऱ्यांनी तिन्ही शहरांत सारखीच काळजी घ्यावी. 'क्रेमा' म्हटलं की अंड्याचा बलक आला. झाबायोनेत बलक आणि वाइन दोन्ही. झुप्पा इंग्लेजेतला लालसर अल्केर्मेस हे मद्य आहे आणि त्याचा रंग परंपरेने किड्यांपासून काढतात. मालागात रममध्ये भिजवलेले बेदाणे. फियोर दि लात्ते म्हणजे नुसतं दूध-साखरेचा, बहुधा अंड्याविना. फळांच्या सोर्बेत्तोत बहुधा दूधही नसतं. तरी 'ची सोनो उओवा?', म्हणजे यात अंडी आहेत का, असं विचारून घ्या. विचारलेलं तिथे कुणाला वावगं वाटत नाही.

मग निवड कशी करायची? इटलीत पहिल्यांदाच, टूर कंपनीबरोबर जात असाल तर बोलोन्या हातात नाही. मग रोममधल्या मोकळ्या संध्याकाळी तेआत्रो गाठा, बाकी सोडा. स्वतः तिकिटं काढून जात असाल तर फ्लॉरेन्स ते बोलोन्या वेगवान गाडीने जेमतेम 40 मिनिटं लागतात आणि व्हेनिसची गाडी तशीही तिथूनच जाते. सकाळी उतरा, स्टेशनवर सामान ठेवा, तीन दुकानं करा, संध्याकाळी व्हेनिस. कार्पिजानीचं म्युझियम बघायचं असेल तर आधी नोंदणी करा आणि आणखी अर्धा दिवस धरा. छोट्या कपाला साधारण 3 ते 4 युरो पडतात आणि त्यात दोन स्वाद येतात. टेबलावर बसलात तर जास्त. पहिल्या कपात पिस्ता आणि फियोर दि लात्ते घ्या. साध्या दुधाच्या जेलाटोत लपवायला काहीच नसतं, त्यामुळे तो चांगला निघाला तर त्या दुकानातला दुसरा कप बिनधास्त मागवा.