हिवाळ्यातलं कयाकिंग: स्टर्लिंगजवळच्या क्लबबरोबरचे सहा महिने

ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगजवळच्या एका पॅडलिंग, म्हणजे छोट्या बोटी वल्हवणाऱ्यांच्या, क्लबची सभासद झाले, आता एप्रिल उजाडलाय. या काळात सोळा बुधवार स्विमिंग पूलवर गेले आणि अकरा रविवार नदीत किंवा लॉखवर, म्हणजे तळ्यावर. आणखी दोन रविवारी काठापर्यंत जाऊन, पाणी बघून, बोटी गाडीच्या छतावरून न उतरवताच परत आलो. कुणी विचारलं की पहिली ट्रिप उन्हाळ्यात करू का हिवाळ्यात, तर मी सांगते, क्लब नीट असेल तर हिवाळ्यातच सुरुवात करा. त्यामागे काय आहे ते लिहिते.

इथल्या बहुतेक नद्या पावसावर चालतात. मे-जूनमध्ये अनेक ठिकाणी दगड उघडे पडतात, बोट घासत न्यावी लागते. ऑक्टोबरपासून पाणी येतं आणि तेव्हाच खरा हंगाम सुरू होतो. पाण्यात उतरायचा हक्क 2003 च्या जमीन सुधारणा कायद्यानं दिलाय, इंग्लंडमध्ये असा सरसकट हक्क नाही. पण हक्काबरोबर जबाबदारीही येते. टे नदीवर सामन मासेमारी 15 जानेवारी ते 15 ऑक्टोबर चालते, आणि स्कॉटलंडमध्ये रविवारी सामन धरायला कायद्यानंच बंदी आहे. त्यामुळे क्लबच्या टेवरच्या ट्रिपा रविवारीच असतात. कुणाच्या गळात आपलं वल्हं अडकत नाही, कुणाचा दिवस बिघडत नाही.

पाण्याची पातळी बघायची सवय मला सांगलीची. पावसाळ्यात आमच्या घरी सकाळी चहाच्या आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा प्रश्न असायचा, ‘आयर्विनला किती फूट?’ चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे लहान पोरांनाही पाठ. 2019 साली ते 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा मी इथं बसून रात्रभर फोन करत होते. इथं सरकारी पर्यावरण खात्याची पातळी मोजणारी केंद्रं आहेत, त्यांचे आकडे फोनवर दिसतात. शनिवारी रात्री क्लबचे लीडर तेच बघून नदी ठरवतात. मला हे फार ओळखीचं वाटलं. नदीला आधी विचारायचं, मग घरातून निघायचं.

आता स्विमिंग पूलबद्दल, कारण या सगळ्यात सर्वात जास्त किंमत मी त्या बुधवारांना देते. बोटी आधी आतून-बाहेरून धुवायच्या, मगच पूलमध्ये. पाणी कोमट, खोली चार-पाच फूट. पहिल्या दिवशी रोल, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं, नाहीच शिकवला, आधी उलटं राहायला शिकवलं. बोटीसकट उलटं व्हायचं, घाई न करता बोटीच्या तळावर तीनदा थाप मारायची, मग दोन्ही हात बोटीच्या कडांवरून पुढे-मागे फिरवत वाट बघायची. दुसऱ्या बोटीचं नाक हाताला लागलं की ते धरून कमरेनं बोट सरळ करायची. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात नाकात पाणी, कानात पंपाची घरघर, आणि ‘आता कुणी येणार नाही’ असं तिसऱ्या सेकंदाला वाटायला लागतं. आमच्या प्रशिक्षक बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्या प्रत्येक वेळी आल्या. दहा-बारा वेळा त्या आल्यावर माझं शरीर वाट बघायला शिकलं.

रोल मला पाचव्या बुधवारी जमला. चूक सगळ्यांची एकच असते: श्वास हवा म्हणून डोकं आधी वर काढायचं. डोक्याचं वजन चार-साडेचार किलो. ते आधी वर आलं की कमरेची फिरकी तिथंच संपते आणि बोट पुन्हा उलटते. डोकं सगळ्यात शेवटी, गाल खांद्याला टेकलेला. बाई माझ्या हनुवटीखाली एक ओला स्पंज धरायला लावायच्या. स्पंज खांदा आणि हनुवटी यांच्यात राहिला तर रोल बरोबर, तरंगत गेला तर चूक. पाचव्या बुधवारी स्पंज जागेवर राहिला. मी वर आले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त तर्जनी वर केली: आणखी एकदा.

नोव्हेंबरमध्ये पहिली नदी, टीथ. कॅलंडर गावाशी दोन प्रवाह एकत्र येऊन ती बनते, तिथून डीन्स्टनच्या दिशेनं खाली. डीन्स्टनला जुनी सूतगिरणी आहे, तिथं आता व्हिस्की बनते. याच ट्रिपला फेरी ग्लाइड शिकले. म्हणजे बोटीचं नाक प्रवाहाच्या वरच्या दिशेला तिरकं ठेवायचं, वल्हं मारत राहायचं, आणि खाली वाहून न जाता पलीकडच्या काठाला लागायचं. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर नावाडी हेच करायचा. आधी काठाकाठानं वर न्यायचा, मग तिरकी सोडायचा. लहानपणी मला वाटायचं तो उगाच लांबून नेतो. टीथमध्ये माझ्या मांडीखाली पाण्याची ओढ लागली आणि कळलं तो काय करत होता.

डिसेंबरमध्ये दिवस आखूड. आमच्याकडे सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. तीनला पाण्याबाहेर, हा क्लबचा नियम. त्या महिन्यात दोनदा ग्लासगोच्या पिंकस्टनला गेलो. कालव्याकाठी 2014 पासून तिथं पंपानं पाणी फिरवणारा कृत्रिम प्रवाह आहे. तीच लाट, तीच एडी, पुन्हा पुन्हा. एडी म्हणजे दगडामागचं उलटं फिरणारं शांत पाणी. सरावाला जागा उत्तम, पण दगड, झाडाच्या फांद्या, वळणामागचं न दिसणारं पाणी, यातलं काहीच तिथं शिकायला मिळत नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी टे. ॲबरफेल्डीच्या खाली पाण्यात उतरून ग्रँटलीला संपवायचं. नाव लिहितात ग्रँडटुली, म्हणतात ग्रँटली. टे स्कॉटलंडची सर्वात लांब नदी, 190 किलोमीटरच्या आसपास, आणि ब्रिटनमधल्या कुठल्याही नदीपेक्षा जास्त पाणी वाहून नेते. वरचा टप्पा संथ. ग्रँटली गावाशी आल्यावर मात्र पुलाजवळ नदी एकदम दगडात उतरते, तिथं स्लॅलमची, म्हणजे वळणं घेत जायच्या शर्यतीची, फाटकं टांगलेली असतात. मी दुसऱ्या लाटेत उलटले. एडीतून प्रवाहात वळताना वजन प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकलं. पाण्यानं बोटीची कड खेचली आणि मी आत.

पाणी चार अंशांवर होतं. पहिली जाणीव कपाळात, हातोडी मारल्यासारखी. एकदा रोल केला, अर्ध्यात पडले. दुसऱ्यांदा केला, डोकं आधी वर आलं, ते मला पाण्यातच कळलं. मग स्प्रेडेकचा, म्हणजे कमरेभोवती बोटीचं तोंड झाकणाऱ्या पडद्याचा, पट्टा ओढला आणि बाहेर. थंड पाण्याबद्दल क्लबमध्ये एक-दहा-एक असं शिकवतात: पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग साधारण दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण तास. मला तो पहिला मिनिटच आठवला. पाठीवर झोपले, पाय खालच्या दिशेला, पावलं पाण्याच्या वर. उभं राहायचं नाही, कारण दगडात पाऊल अडकलं तर पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं. काठावर दोघं आधीच दोऱ्या घेऊन उभे होते. मी उलटायच्या आधीपासून. दोरी माझ्या छातीवरच पडली. ती खांद्यावरून घेऊन पाठीवर झोपून राहिले आणि प्रवाहानंच मला झोका देऊन काठाला लावलं.

सगळं मिळून मिनिटभर झालं असेल. तरी बाहेर आल्यावर मला लाइफ जॅकेटचं बक्कल सोडता येईना, बोटं माझी वाटत नव्हती. कुणी रागावलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. नारिंगी कापडी शेल्टरमध्ये चौघं दाटीवाटीनं बसलो, कोरडी टोपी घातली, थर्मासमधला आल्याचा चहा. खिशात डब्यात तिळगूळ होता, तो वाटला. मग लीडरनं विचारलं, ‘पुढे की गाडीकडे?’ मी गाडीकडे म्हटलं आणि गावातून चालत गेले. फेब्रुवारीत त्याच लाटेत पुन्हा वळले, वजन खालच्या बाजूला ठेवून. एडीत बसल्यावर मागे वळून बघितलं, दोरीवाले तेव्हाही तिथंच होते.

ड्रायसूटबद्दल बरेच जण विचारतात. नवा चांगला सूट सहाशे ते हजार पौंड आणि वर. मी पहिले दोन महिने क्लबचा भाड्यानं वापरला, मग जुना 280 पौंडांना घेतला. डाव्या पायाच्या मोज्यातून पाणी येत होतं. सूट उलटा करून त्यात पाणी भरलं, ओल कुठून बाहेर येते ते पाहिलं, तिथं निओप्रीनचा डिंक लावला. आता तीन महिने तो मोजा कोरडा आहे. सूट स्वतः ऊब देत नाही, तो फक्त पाणी बाहेर ठेवतो. ऊब आतल्या लोकर-फ्लीसची. झिप लावण्याआधी खाली बसून मानेतून हवा काढायची, नाहीतर पाण्यात पाय वर तरंगतात. बायकांनी पुढची किंवा मागची जास्तीची झिप असलेलाच घ्यावा, शंभर पौंड जास्त पडले तरी. नाहीतर लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही, आणि दिवसभर पाणी न पिता बसणं थंडीत फार वाईट.

आणि आपल्याकडच्यांसाठी खास: मान आणि मनगटाचे सील, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या घट्ट पट्ट्या, लेटेक्सच्या असतात, तेलानं लेटेक्स सडतं. शनिवारी रात्री डोक्याला खोबरेल लावून रविवारी सूट घालू नका. माझा मानेचा सील मार्चमध्ये फाटला, कारण हेच असावं असं मला वाटतं. बांगड्या, अंगठ्या, वाढलेली नखं, सगळं घरी. घालताना थोडी टाल्कम पावडर. हातासाठी निओप्रीनच्या ग्लव्हजपेक्षा मला पोगी, म्हणजे हातावर येणारी पिशवी, बरी वाटली. ती वल्ह्यालाच बांधलेली असते, त्यामुळे वल्हं उघड्या तळव्याला लागतं, पकड कळते.

तक्रारी आहेत. बेत शनिवारी रात्री नऊ-दहाला पक्का होतो, लहान मुलं असलेल्या घराला ते जड जातं. गाडी नसेल तर दुसऱ्याच्या भरवशावर. एक गाडी खालच्या टोकाला ठेवून यायचं धरून, दोन तासांच्या पाण्यासाठी अख्खा रविवार. मी पाच फूट एक इंच, क्लबच्या बोटी बहुतेक उंच माणसांसाठी. मांड्यांना आणि कमरेला फोम लावून घेतला तेव्हा बोट माझं ऐकायला लागली. तुम्ही बुटके असाल तर पहिल्याच आठवड्यात फोम मागा, मी दोन महिने घालवले. आणि नोव्हेंबरमधल्या एका ट्रिपला नऊ जण होते, त्यातले पाच नवखे, आणि लीडर दोनच. त्या दिवशी काही झालं नाही, पण मी कमिटीला लेखी कळवलं. त्यांनी ते मनावर घेतलं, डिसेंबरपासून एका लीडरमागे तीनच नवखे. मला हा क्लब भरवशाचा वाटतो तो यासाठीही.

खर्चाचं सांगायचं तर वर्षाची वर्गणी साठ पौंडांच्या आत, त्यात बोट, वल्हं, हेल्मेट. पूलचे दर वेळी पाच पौंड. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. कुठलाही क्लब बघताना तो पॅडल स्कॉटलंडशी, म्हणजे पूर्वीच्या स्कॉटिश कनू असोसिएशनशी, संलग्न आहे का ते विचारा, आणि हिवाळ्यात स्विमिंग पूल भाड्यानं घेतात का तेही विचारा. पूल नसेल तर मी जाणार नाही.

पोहता येत असेल तर बरं, पण थंड पाण्यात पोहण्यापेक्षा निमूट पाठीवर पडून राहणं जास्त कामाला येतं. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एवढ्या थंड पाण्यात श्वास खरोखर अडकतो.

मानेचा नवा सील मागवलाय. मे महिन्यात लॉख लुबनेगवर संध्याकाळच्या ट्रिपा सुरू होतील, पण माझं लक्ष ऑक्टोबरकडे आहे. पुढच्या हिवाळ्यात दोरी टाकायला शिकायचं ठरवलंय, नाव आत्ताच देऊन ठेवलंय.